कूळ आणि कसब

माझ्या भाचीच्या सहावीच्या उत्तरपत्रिकेत 'वनस्पती आणि प्राणी यांतील फरक लिहा' या प्रश्नाखाली लाल शाईची एक फुली होती. 'वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात' हे अपेक्षित वाक्य तिने लिहिले होते, पण त्यालाच जोडून 'अमरवेल मात्र करत नाही' असेही लिहिले होते, कारण दिवाळीच्या सुट्टीत आजोळी बोरीवर पसरलेली ती पिवळी वेल तिने पाहिली होती आणि हिला पाने का नाहीत, असे आजीला विचारून झाले होते. समासात बाईंचा शेरा होता, 'प्रश्नाला धरून उत्तर लिहावे.' त्यात अर्धा गुण गेला. त्या अर्ध्या गुणाचे दुःख तिला नव्हते आणि मलाही नाही. बाईंचाही दोष फारसा नाही, कारण त्यांच्या हातात दिलेली व्याख्याच तशी होती. त्या व्याख्येने मुलीच्या डोळ्यांना दिसलेली खरी गोष्ट चुकीची ठरवली, हे मात्र मला खटकले, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

आपल्या शालेय विज्ञानात सजीवांची पहिली ओळख त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्यावरून करून दिली जाते. हिरवे असते, उन्हात अन्न शिजवते, ती वनस्पती. दुसऱ्याचे खाते, तो प्राणी. ही मांडणी सोपी आहे आणि बहुतेक वेळा निभावूनही जाते. पण तिच्यामुळे मुलांच्या मनात एक चुकीचा पाया पडतो आणि पुढे बारावीपर्यंत, किंबहुना वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत, त्याच पायावर इमले चढत राहतात. सजीव कोण आहे हे त्याच्या कुळावरून ठरते, कसबावरून नव्हे, आणि हे शाळेत सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मी दोन साक्षीदार उभे करतो. एक अटलांटिक किनाऱ्यावरची हिरवी गोगलगाय आहे, दुसरी आपल्या कुंपणावरची पिवळी वेल.

गोगलगायीचे नाव एलिसिया क्लोरोटिका. ऑगस्टस गूल्ड या अमेरिकन अभ्यासकाने 1870 साली तिचे वर्णन केले. कॅनडातील नोव्हा स्कोशियापासून अमेरिकेतील फ्लोरिडापर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर, भरतीचे पाणी येऊन जाणाऱ्या खाऱ्या दलदलीत आणि उथळ खाड्यांत ती राहते. पाठीवर शंख नाही, लांबी साधारण दोन-तीन सेंटीमीटर, क्वचित त्याहून अधिक. अंगाच्या दोन्ही कडांना रुंद पदर असतात आणि ते उलगडून ती पसरली की झाडावरून गळून पाण्यात पडलेले एखादे हिरवेगार पान वाटते, कारण त्या पदरांतून पानाच्या शिरांसारख्या फांद्या फुटलेल्या दिसतात. त्या शिरा मात्र पानाच्या नव्हेत. ती तिच्या पचनसंस्थेची पसरलेली नळ्यांची जाळी आहे. म्हणजे जे पान वाटते ते खरे तर पसरलेले पोट आहे.

तिचे खाणे एकच, व्हाउचेरिया लिटोरिया नावाचे धाग्यासारखे शैवाल. दातांच्या बारीक पट्टीने ती त्या धाग्याला भोक पाडते आणि शहाळ्यातले पाणी ओढावे तसा आतला रस ओढून घेते. बाकी ऐवज पचतो. हरितलवके, म्हणजे पेशीतले प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण, मात्र पचत नाहीत. पचननलिकेच्या पेशी ही हरितलवके गिळून आपल्या आत ठेवतात आणि ती तिथे उजेडात प्रकाशसंश्लेषण करीत राहतात. कोवळ्या वयात ही गोगलगाय तपकिरी असते, अंगावर तांबूस ठिपके असतात. शैवाल खायला लागली की ती हिरवी होत जाते. प्रयोगशाळेत उजेड मिळत राहिला तर पुढे नऊ-दहा महिने ती न खाता जगल्याची नोंद आहे, आणि तिचे एकूण आयुष्यही जवळपास तेवढेच, वर्षाच्या आतबाहेरचे.

या चोरीतली खरी गंमत पुढे आहे. व्हाउचेरिया हे शैवाल हिरवे असले तरी वनस्पतींच्या कुळातले नाही; त्याचे सगेसोयरे म्हणजे डायअ‍ॅटम ही एकपेशीय शैवाले आणि समुद्रातली मोठी तपकिरी शैवाले. त्याची हरितलवके मुळात एका लाल शैवालाची होती, जे त्याच्या पूर्वजाने कधीतरी गिळले आणि पचवले नाही. त्या लाल शैवालाची लवके तरी कुठून आली, तर एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने गिळलेल्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूपासून. लवक हा एके काळचा स्वतंत्र जीवाणू आहे हा विचार रशियाच्या मेरेशकोव्स्की यांनी 1905 साली मांडला होता, आणि 1967 साली लिन मार्ग्युलिस यांनी तो नव्याने, ठामपणे मांडल्यावर पुढे पुराव्यांनी तो मान्य झाला. तेव्हा एलिसियाने जे चोरले ते चोराच्याच घरातले होते. आपल्याकडे याला चोरावर मोर म्हणतात.

अशा प्राण्याची बातमी होणे साहजिक आहे, आणि झालीही. 'सौरऊर्जेवर चालणारी गोगलगाय', 'अर्धा प्राणी, अर्धी वनस्पती' असे मथळे मराठीतही येऊन गेले. 2008 साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने असे जाहीर केले, की हरितलवकाला लागणारे एक जनुक, जे शैवालाच्या केंद्रकात असते, ते या गोगलगायीच्या डीएनएमध्ये आढळले. हा दावा महत्त्वाचा होता, कारण हरितलवक एकट्याने चालत नाही. त्याला लागणाऱ्या बहुतांश प्रथिनांचे नमुने यजमान पेशीच्या केंद्रकात असतात, आणि ते केंद्रक तर गोगलगायीने पचवून टाकलेले असते. मग लवक इतके महिने चालते कसे? जनुकेही चोरली असतील तर कोडे सुटत होते. मात्र 2013 साली याच गोगलगायीच्या अंड्यांतील डीएनए वाचला गेला, तेव्हा असे जनुक वारशाने पुढे जात असल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने गुणसूत्रावर तसे एक जनुक दिसल्याचा प्रतिदावा केला. 2021 साली तिच्या नात्यातील दुसऱ्या एका हरितलवके साठवणाऱ्या गोगलगायीचा जनुकसंच जवळपास पूर्ण वाचून झाला, आणि त्यातही शैवालाची जनुके आढळली नाहीत. आज अधिक पटणारे उत्तर साधे आहे: काही चिवटपणा त्या लवकांच्या अंगचाच आहे, कारण दुरुस्तीला उपयोगी पडणारी काही जनुके त्यांनी स्वतःजवळ राखली आहेत, आणि बाकीची काळजी यजमान पेशी घेते. 2008 च्या बातमीला जेवढी जागा मिळाली त्याच्या दशांश तरी नंतरच्या दुरुस्तीला मिळाली असती, तर मला हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

ती उन्हावर जगते हेही तपासून घ्यावे असे विधान आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एलिसियाच्या नात्यातल्या दोन जातींच्या गोगलगायी काही अंधारात, तर काही प्रकाशसंश्लेषण थांबवणारे रसायन देऊन उपाशी ठेवल्या. त्याही कित्येक आठवडे जगल्या आणि उजेडातल्यांपेक्षा फार वेगाने काही रोडावल्या नाहीत. पुढे 2021 मध्ये असेही दिसले, की उजेड मिळालेल्या गोगलगायी अंडी अधिक घालतात, म्हणजे चोरीचा माल अगदीच निरुपयोगी नसतो. 2025 साली हार्वर्डच्या संशोधकांनी एलिसियाच्याच दुसऱ्या एका जातीत दाखवले, की लवके पेशीतल्या एका खास कप्प्यात जपून ठेवलेली असतात, आणि उपासमार लांबली की गोगलगाय तीच पचवून खाते. हिरवी गोगलगाय तेव्हा नारिंगी पडते. एकूण पाहता ही अंगावर बाळगलेली शिदोरी दिसते, जी सरेपर्यंत थोडे व्याजही देते. याला 'अर्धी वनस्पती' म्हणणे म्हणजे खिशात हापूसची पेटी घेऊन हिंडणाऱ्याला आंब्याचे झाड म्हणण्यासारखे आहे.

माणसालाही असे हिरवे करता येईल का, असा प्रश्न या बातम्यांच्या शेवटी हमखास येतो, म्हणून एक ढोबळ हिशेब करून पाहावा. प्रौढ माणसाची त्वचा पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास असते आणि एका वेळी तिचा फार तर निम्मा भाग उन्हाकडे असतो. आठ तास उघड्या अंगाने, चौरस मीटरला सरासरी 500 वॅट ऊन घेत पडून राहिले आणि पिकाच्या पानाप्रमाणे त्यातला साधारण एक टक्का साठवला, तर दिवसाकाठी 30 किलोकॅलरींच्या आसपास हाती लागतात. गरज 2000 ची असते. म्हणजे दिवसभर तापून एका बिस्किटाची कमाई. झाडाला एवढी पाने का लागतात आणि ते जागचे का हलत नाही, हे या हिशेबातून जितके कळते तितके कुठल्याही व्याख्येतून कळत नाही.

आता दुसरी साक्षीदार. अमरवेल, काही भागांत आकाशवेल. शास्त्रीय नाव कस्कुटा रिफ्लेक्सा. तिला हे नाव विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून दिले. बोर, बाभूळ, मेंदी, अडुळसा, बंगल्यांच्या कुंपणाची झुडपे, कशावरही ती पसरते आणि लांबून पाहिले तर कुणीतरी हिरव्या झाडावर शेवया वाळत घातल्यासारखे दिसते. पाने नाहीत, असलीच तर डोळ्यांत न भरणारे खवले. जमिनीशी संबंध नाही. जिथे खोड यजमानाला विळखा घालते तिथे त्यातून बारीक शोषक मुळे निघतात आणि सालीतून आत शिरून थेट पाण्याच्या आणि अन्नरसाच्या वाहिन्यांना जोडली जातात. लसूणघास लावणाऱ्या शेतकऱ्याला तिच्या नात्यातल्या वेलींची ओळख करून द्यावी लागत नाही. बियाण्यात तिचे चार दाणे मिसळून आले तरी पुढच्या कापणीला वाफ्यात पिवळे चट्टे दिसतात.

हिला वनस्पती का म्हणायचे? ती अन्न तयार करत नाही, हिरवी दिसत नाही, तिला पाने नाहीत, मोठेपणी जमिनीत मुळे नाहीत. शाळेच्या यादीतल्या एकेका खुणेवर काट मारत गेलो तर हातात काही उरत नाही. तरीही वनस्पतिशास्त्राला तिच्याविषयी कधी संशय पडला नाही, आणि त्याचे कारण हिवाळ्यात समोर येते. त्या पिवळ्या दोऱ्यांवर पांढरी, मंद वासाची, घंटेसारखी बारीक फुले झुबक्यांनी लागतात. एखादे फूल उघडून भिंगाखाली धरावे: पाच पाकळ्या तळाशी जुळलेल्या, पाच पुंकेसर, मधोमध दोन कप्प्यांचा अंडाशय. हे गारवेलीचे कूळ आहे, रताळ्याचे कूळ आहे. विळखा घालत चढायची सवयही त्याच घराण्यातली. गारवेल आधाराला विळखा घालते, अमरवेलीने त्या विळख्यालाच तोंडे फोडली एवढेच.

तिच्या पेशी उघडून पाहिल्या तर घराणे आणखी स्पष्ट होते. पेशींना सेल्युलोजच्या भिंती आहेत. प्रत्येक पेशीत लवके आहेत, आणि त्यांत जनुकेही आहेत: तंबाखूच्या हरितलवकातील डीएनए साधारण 1,56,000 अक्षरांचा असतो, अमरवेलीच्या लवकातला झिजून 1,21,000 च्या आसपास आला आहे. ज्यांनी तिला पूर्ण आळशी ठरवले आहे त्यांनी तिचे खोड आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे. बाहेरून पिवळे दिसणाऱ्या त्या दोऱ्यात, वाहिन्यांच्या लगत, हिरव्या पेशींचे एक बारीक कडे असते. हवेपासून इतक्या आत बसून त्या काय करतात, तर खोडाच्या श्वसनातून निघालेलाच कार्बन डायऑक्साइड पकडून थोडी साखर परत मिळवतात. वाड्याचे वैभव गेले, पण देवघरातला दिवा लावायचा राहिला नाही, असा काहीसा तो प्रकार आहे. लवकाला प्रकाशसंश्लेषणाखेरीज मेदाम्लांसारखे इतर पदार्थ बनवण्याचेही काम असते. म्हणून ज्या परजीवी वनस्पतींनी हिरवेपणाचा शेवटचा अंशही सोडला, त्यांच्यातही लवके बहुधा टिकून असतात.

जनुकांच्या चोरीचा जो आळ गोगलगायीवर आला आणि टिकला नाही, ती चोरी अमरवेलीच्या कुळात मात्र खरोखर झालेली आहे. तिच्या भावंडांचे जनुकसंच 2018 साली वाचले गेले, आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यजमान झाडांकडून आलेली आणि कामात असलेली शंभरावर जनुके कस्कुटा प्रजातीत दाखवली गेली. दोन्ही बाजूंनी आरएनएची, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणाऱ्या रेणूंची, ये-जा होते. कस्कुटा ऑस्ट्रालिस या जातीने तर फुलायची वेळ ठरवणारी यंत्रणाच बरीचशी गमावली आहे. यजमान झाड फुलायला निघाले, की त्याच्या फुलण्याचा प्रथिनरूपी संदेश तिच्यातही उतरतो आणि तीही फुलते. कस्कुटाच्या आणखी एका जातीचा अंकुर टोमॅटोच्या रोपाच्या वासाच्या दिशेने वाढत जातो, आणि गहू व टोमॅटो दोन्ही जवळ असले तर टोमॅटो निवडतो, हे 2006 साली प्रयोगाने दिसून आले. मागावर राहणे, हुंगणे, धरणे, शोषणे ही सारी आपण प्राण्याची लक्षणे मानतो, आणि करते आहे रताळ्याची बहीण.

या दोघींना शेजारी ठेवले की धंद्यावरून केलेली व्याख्या उभी राहत नाही. तिच्या कसोटीवर गोगलगाय वनस्पतींच्या पंगतीत बसते आणि अमरवेल प्राण्यांच्या, किंवा नेमके बोलायचे तर बुरशीच्या. रॉबर्ट व्हिटाकर यांनी 1969 साली मांडलेली जी पंचसृष्टी पद्धत आपल्याकडे अजून शिकवली जाते, तिच्यात पोषणाची रीत हा एक मुख्य निकष आहे: वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, प्राणी अन्न गिळतात, बुरशी शोषून घेते. अमरवेल शोषूनच घेते. तरी व्हिटाकर यांनीही तिला बुरशीत बसवले नाही, कारण त्यांनाही मनातून ठाऊक होते, की फूल ज्या घरातले त्या घरातली वेल. निकष एक सांगायचा आणि निवाडा दुसऱ्याच निकषावर करायचा, ही गफलत त्या पद्धतीत आहे आणि आपल्या पाठ्यक्रमात ती जशीच्या तशी उतरली आहे. कार्ल वोस यांनी 1977 साली रेणूंच्या पुराव्यावरून सजीवांची नाती नव्याने मांडायला घेतली, त्यालाही आता अर्धे शतक होत आले.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो पुढच्या पिढीत दिसतो. एलिसिया वसंतात अंड्यांची माळ घालते आणि मरते. त्या अंड्यांत एकही हरितलवक नसते. आईने अंगभर जमवलेला हिरवेपणा मुलीला मिळत नाही. पाण्यात तरंगणारी अळी पारदर्शक, बाकी कुठल्याही समुद्री गोगलगायीच्या अळीसारखी, शंखसुद्धा असलेली असते, आणि तिला पुन्हा ते शैवाल शोधून पहिल्यापासून चोरी करावी लागते. अमरवेलीच्या बीमध्ये मात्र लवके आहेत, तिला उपयोग असो वा नसो. एकीकडे हाती असलेले कसब वारशाने देता येत नाही, दुसरीकडे हातचे सुटत चाललेले कसब वारशातून पूर्ण पुसले जात नाही. कूळ म्हणतात ते याला.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका उठेल, आणि ती उठलीच पाहिजे. आपण सजीवांच्या प्रकाराला 'जाती' हा शब्द योजून बसलो आहोत, आणि मी तर 'ओळख जन्मावरून ठरवा, कामावरून नको' असे म्हणतो आहे. ज्या महाराष्ट्रात फुले आणि आंबेडकर होऊन गेले, तिथे हे वाक्य कानाला बोचते. ते बोचणे योग्यच आहे, पण विषय नीट पाहिला तर उलटा निघतो. जातिव्यवस्थेचे म्हणणे कधीच नुसते 'जन्मावरून ओळख' एवढे नव्हते. जन्मावरून धंदा ठरतो आणि धंद्यावरून पायरी, असे ते होते, आणि त्याला आधार म्हणून 'निसर्गातही असेच असते' हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. निसर्गातल्या या दोघी त्या युक्तिवादाच्या विरोधात साक्ष देतात. गोगलगायीच्या घराण्यात जन्मून एक उन्हाचे धंदे करते, हिरव्या घराण्यात जन्मून दुसरी शोषण करते. जन्माने धंदा बांधून दिलेला नसतो. पायरीचा तर प्रश्नच नाही, कारण वंशवृक्षाला शेंडे अनेक असतात आणि त्यांतला कुठलाही वरचा नसतो. आणि माणसांपुरते बोलायचे तर आपण सारे एकच जाती आहोत, हे विधान जीवशास्त्रात काव्य म्हणून केलेले नाही. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'जाती' हा शब्द टाळला असता तर बरे झाले असते असे मला वाटते. पण रूढ झालेला शब्द आता वर्गात समजावूनच चालवावा लागेल.

धंद्यावरून ओळख ठेवण्याचा आणखी एक तोटा असा, की तिच्यात नकळत नीतीचे निवाडे शिरतात. आपल्या अग्रलेखांत आणि भाषणांत 'बांडगूळ' ही शिवी आहे. प्रत्यक्षात बांडगुळाला हिरवी पाने असतात. ते झाडाकडून मुख्यतः पाणी आणि क्षार घेते आणि साखर बरीचशी स्वतः बनवते. चंदनही शेजारच्या झाडांच्या मुळांना तोंड लावूनच वाढते; त्याला मात्र आपण देवापुढे उगाळतो. परदेशी गोगलगाय शैवालाच्या पेशी रिकाम्या करते तेव्हा ती 'निसर्गाची किमया' ठरते, आणि बोरीवरची वेल तेच करते तेव्हा 'ऐतखाऊ'. मला दोघींचे कौतुक वाटते आणि दोघींची कीवही येत नाही. वर्गात नीतिपाठ द्यायचाच असेल तर त्यासाठी इतर तास आहेत.

शिक्षक मित्रांशी या विषयावर बोलताना जे आक्षेप येतात, त्यांतला एक मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, अकरा वर्षांच्या मुलाला सोपे काहीतरी सांगावेच लागते, अपवाद नंतर कळतात. सोपे सांगायला माझी हरकत नाही. 'बहुतेक वनस्पती' यातला 'बहुतेक' हा शब्द काही अवघड नाही. अवघड आहे ते असे, की अपवाद दाखवणाऱ्या मुलाचा गुण कापायची सवय एकदा लागली, की पुस्तकात लिहिलेले खरे आणि कुंपणावर दिसलेले खोटे, असा धडा ते मूल शिकते. अमरवेल पाठ्यपुस्तकात येत नाही असेही नाही. पोषणाच्या धड्यात 'परजीवी वनस्पती' म्हणून तिचे नाव असते. पण एका धड्यात व्याख्या आणि दुसऱ्या धड्यात तिला खोटे पाडणारी वेल, आणि दोन्ही एकमेकांना कधी भेटत नाहीत. उत्पादक आणि भक्षक हे शब्द परिसंस्था समजून घेताना लागतात, ते खुशाल शिकवावेत. कोण काय करतो हे सांगायला ते पुरेसे आहेत. कोण कोण आहे हे त्यांनी सांगू नये. पशुवैद्य, शेतकरी, मच्छीमार यांना हा फरक उपजत कळतो: मच्छीमार देवमाशाला पोहतो म्हणून सुरमईबरोबर मोजत नाही. अडचण फक्त आपल्या परीक्षांची आहे, जिथे दोन रकाने आखून फरक लिहायचे असतात आणि रकान्यांच्या मधल्या रेषेवर बसणाऱ्या जिवाला जागा नसते. प्रश्नच बदलावा: 'अमरवेलीला वनस्पती का म्हणतात ते तिचे फूल पाहून लिहा.' गारवेलीचे एक फूल, अमरवेलीचे एक फूल, एक भिंग आणि एक तास. नोव्हेंबर-डिसेंबरात महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या आसपास एवढे साहित्य फुकट मिळते. गोगलगाय मिळणार नाही, तिचे चित्र चालेल. एलिसियाच्या काही जाती आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आहेत, तेव्हा किनाऱ्यालगतच्या शाळांनी मोठ्या ओहोटीला खडकांतल्या डबक्यांशी वाकून बघायला हरकत नाही. मात्र हिरवी दिसली तरी ती उचलू नये.

भाचीला मी यातले फारसे काही सांगितले नाही. गेल्या वर्षी तिने आजोळहून अमरवेलीच्या वाळक्या बोंडांतल्या बिया आणल्या, पॉलिश पेपरवर घासून त्यांचे कवच पातळ केले आणि वाटीत ओल्या कापडावर ठेवल्या. आजीने ती वाटी तुळशीवृंदावनापासून दूर ठेवायला लावली. तीन बिया रुजल्या. पाने नसलेला, टोकाला किंचित वाकलेला फिका पिवळा दोरा दिवसेंदिवस लांब होत वाटीच्या काठावर आला आणि हवेत गोल गोल चाचपडू लागला. तो कुठल्या बाजूला झुकतो आहे हे ती रोज सकाळी पट्टीने मोजून वहीत लिहीत होती. नवव्या दिवशी तो तळापासून वाळत गेला. तुळस अजून दोन वितींवर होती.